मावशीचा भोंगा

सकाळी मावशीने भाचीला हाक मारायला तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा बाहेर आली. पुन्हा प्रयत्न केला, तर सायकलच्या चाकातून निघावी तशी फुस्स!

"अगं, तुझा आवाज कुठं गेला?" भाचीने विचारलं. घरात तिला सगळे भोंगा म्हणत, कारण तिने कुजबुजून सांगितलेलं गुपितही गच्चीपर्यंत पोचायचं.

मावशी तळ्याकाठच्या बागेत गाइड होती. पानगळीच्या दिवसांत लोकांना पायवाटेने हिंडवून झाडं-पाखरं दाखवायची. आणि नेमक्या आजच बागेच्या साहेबबाई स्वतः फेरीला येणार होत्या. आवडली तर फेरी पुढे चालू, नाहीतर बंद, आणि मावशीची रवानगी तिकीटखिडकीत.

"काळजीच करू नकोस!" भोंगा म्हणाली. "तू माझ्या कानात सांग, मी जगाला सांगते."

मावशीने कपाळावर हात मारला. भोंग्याने त्याचा अर्थ 'हो' असा घेतला.

सुरुवात तर झकास झाली. लाल-पिवळ्या पानांचा सडा, तळ्यावर कोवळं ऊन आणि भोंग्याचा आवाज थेट पलीकडच्या काठापर्यंत! वाटेत एक फांदी आडवी आली, तशी मावशी कानात घोगरली, "वाका!"

"बाक!" भोंगा गरजली. "मंडळी, डावीकडे बघा, बाक! लाकडी आहे, आणि... बसायचा आहे!"

सगळ्यांनी अदबीने बाकाकडे बघितलं. बघता बघता फेरीला आलेल्या एका दातांच्या डॉक्टरांचं कपाळ फांदीवर आपटलं.

"बाक छानच आहे," डॉक्टर टेंगूळ चोळत म्हणाले, "पण फांदीबद्दलही दोन शब्द चालले असते."

साहेबबाईंच्या भुवया वर गेल्या आणि मावशीचं काळीज खाली.

आता भोंग्याने कान टवकारले. पुढे वाट तळ्याला भिडत होती आणि तिथे पानांचा नुसता गालिचा पसरला होता. मावशीने तिचा दंड गच्च धरला. जिवाच्या आकांताने ती "चिखल!" म्हणाली खरी, पण मधला 'ख' घशातच अडकला.

"चल? बरं!" भोंग्याने हात उंचावला. "चला मंडळी, बिनधास्त चला!"

मंडळी बिनधास्त गेली. गालिच्याखालून 'पचक' असा आवाज आला. आधी घोटे गेले, मग पोटऱ्या. साहेबबाईंनी पाय उपसला, तर पाय आला आणि बूट आतच राहिला. तो काढून द्यायला डॉक्टर पुढे सरसावले ते सरळ बसलेच.

"अहो, उठा ना!" त्यांची बायको ओरडली.

"कशाला? बाकापेक्षा मऊ आहे!"

एकच हशा पिकला. साहेबबाई मात्र आपल्या चिखलानं माखलेल्या पायाकडे बघत होत्या. मावशीला समोर तिकीटखिडकी दिसायला लागली. तेवढ्यात साहेबबाईंनी दुसराही बूट काढला, हातात धरला आणि चिखलात पायाची बोटं हलवून बघितली.

"आईच्या धाकानं हे लहानपणी राहूनच गेलं होतं हो!" त्या मावशीला म्हणाल्या. "कमाल केलीत! हा चिखलाचा कार्यक्रम मुद्दाम ठेवलात ना? फेरी चालूच राहणार. दर रविवारी!"

मावशी पडली सरळ स्वभावाची. फुकटचं कौतुक तिला पचेना. दोन्ही हात हलवत तिने घसा ताणला, "चूक! चूक!"

"काय म्हणतायत त्या?" साहेबबाईंनी विचारलं.

"खूश!" भोंगा गरजली. "मावशी म्हणतेय, खूश!"

या खेपेला मात्र तिला अगदी नीट ऐकू आलं होतं.