चलनाचे दात

लहान क्रिप्टो चलनं दर मंगळवारी पळसखिंडीच्या बाजारात दाव्याला बांधून विकायला येतात. मोठी येत नाहीत. मोठ्यांचा भाव रोज पेपरात छापून येतो, आणि ती फाटकातून आत मावतही नाहीत. कमरेच्या वर गेलेलं चलन आत घ्यायचं नाही, असा बाजार समितीचा ठराव आहे. तो पत्र्यावर रंगवून फाटकाला लावला आहे. त्याखाली दुसरी ओळ आहे: गळ्यातली श्वेतपत्रिका काढल्यास पन्नास रुपये दंड.

चलन कुठल्यातरी संगणकात जन्मतं आणि पायी बाजाराला येतं. शेळीसारखं चार पायांवर उभं राहतं. भाव चढला की वाढतं, उतरला की आटतं. एका नावाची चलनं शेकड्यांनी असतात, पण ती सगळी एकदम वाढतात आणि एकदम आटतात. श्वेतपत्रिकेत लिहिलेलं असतं की हे चलन कुणी जन्माला घातलं, कशासाठी घातलं आणि ते पुढे काय करणार. बहुतेक गिऱ्हाईकं ती वाचत नाहीत. हातात घेऊन जड आहे का, तेवढं बघतात.

ज्योतीराम हुलवळे आप्पाही ती वाचत नसत. ते चौथीपर्यंत शिकले होते. चाळीस वर्षं त्यांनी बैल पारखले. पुढे बाजारात बैल कमी झाले आणि चलनं वाढली. आप्पांनी बसायचा दगड बदलला नाही. पारखीचे ते दोनशे रुपये घेत. चलन खरं निघालं तरी दोनशे, खोटं निघालं तरी दोनशे. पारखलेलं चलन स्वतः कधी घेत नसत. दलाल त्यांना रामराम करत नसत, आणि आप्पांना त्याचा अभिमान होता.

त्या मंगळवारी शालन सरवदे त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. एकोणतीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस होती. मुलांना भरवून, शेंबूड पुसून निवृत्त झाली, आणि एकरकमी पंचाहत्तर हजार रुपये मिळाले. ते पोटाशी पिशवीत बांधून ती आली होती. सोबत जावई होता, नितीन. त्याच्या हातात फोन होता.

"आप्पा, एक चलन बघायचंय," शालन म्हणाली.

"कुठलं?"

"जावईबापूंनी बघून ठेवलंय."

"मग मला कशाला उठवता?"

"मामींच्या समाधानासाठी," नितीन म्हणाला. "मी सगळा अभ्यास केलाय. बावीस व्हिडिओ बघितले. आज घेतलं तर दिवाळीपर्यंत दसपट."

"कोण म्हणतं?"

"सगळे म्हणतात."

"सगळ्यांनी घेतलंय का?"

"घेतलंय म्हणून तर म्हणतात!"

आप्पांनी काठी उचलली. "चला पावणं," ते म्हणाले.

गरुडझेप नावाची सहा चलनं मधल्या रांगेत बांधली होती. अंग तुकतुकीत, शिंगांना सोनेरी रंग, गळ्यात झेंडूच्या माळा. मागे ताडपत्री टाकलेला ट्रक उभा होता. दलाल पोपटराव खांद्यावर टॉवेल टाकून उभा होता. एकेक गिऱ्हाईक पुढे यायचं, टॉवेलाखाली हात घालायचं, बोटांनी भाव सांगायचं, आणि मान हलवायचं. दर सौद्याला सहाही चलनं बोटभर उंच व्हायची. गर्दी "ओहो" म्हणायची. नितीनने वितीने उंची मोजली आणि सासूकडे बघितलं.

"सकाळी मांडीला होतं मामी. आता बघा! आपण चहा पिऊन आलो तेवढ्यात दीड हजार हुकले."

"कितीला झालं आता?" शालनने विचारलं.

"साडेबारा. सहा बसतात बरोबर तुमच्या पैशात."

आप्पा चलनाकडे बघत नव्हते. ते सौदा करणाऱ्यांच्या पायांकडे बघत होते. चौघे जण फिरून फिरून पुढे येत होते, आणि चौघांच्या पायांत एकसारख्या कोऱ्या चपला होत्या. आप्पा पुढे झाले, चलनाचा जबडा धरला आणि ओठ वर केला.

"किती वर्षांचं?"

"तीन वर्षं पुरी," पोपटराव म्हणाला. "तीन वर्षांत एकदा आजारी नाही."

आप्पांनी अंगठा हिरडीवरून फिरवला. "दुधाचे दात हायत."

"उशिरा पडतात या जातीचे."

"तीन आठवड्यांचं हाय," आप्पा म्हणाले. हात धोतराला पुसले आणि शालनला म्हणाले, "बैलाच्या बाजारात म्हातारं तरणं करून विकायचे. हितं उलटं. कालचं पिल्लू जुनं म्हणून उभं करतात. जुनं म्हटलं की माणूस इश्वास ठेवतो."

"आप्पा, गिऱ्हाईक बिचकवू नका," पोपटराव म्हणाला.

"गिऱ्हाईक माझं हाय. शालन, वाच."

"काय वाचू?"

"त्याच्या गळ्यातलं. मोठ्यानं. मला त्याचे कान बघायचेत."

ही आप्पांची स्वतःची रीत होती. चलनाला आपली श्वेतपत्रिका ऐकू येते. खऱ्या वाक्याला त्याचे कान ताठ राहतात, खोट्याला पडतात. अंग रंगवता येतं, शिंगं रंगवता येतात. कानांना शिकवता येत नाही. हे बाजारातल्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण मोठ्याने वाचायला कुणाला वेळ नव्हता.

शालनने श्वेतपत्रिका न काढता, वाकून वाचायला सुरुवात केली. एकोणतीस वर्षं तिने लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवल्या होत्या. तशीच एकेक शब्द लांबवत, मान डोलवत ती वाचू लागली. "हे चलन... जगातल्या... एकशे चाळीस देशांत... चालतं."

कान पडले.

"आमच्या पाठीशी... नामवंत तज्ज्ञ... आहेत."

कान गालाला लागले. गर्दीत कुणीतरी हसलं. पन्नास पानं होती. चौदाव्या पानावर चलनाने डोळे मिटून घेतले.

"पुरे," आप्पा म्हणाले. "लाजवू नका त्याला. त्याचा काय गुन्हा?"

ते ट्रकामागे गेले आणि काठीने ताडपत्री उचलली. आत तशीच चलनं दाटीवाटीने उभी होती, तीनशे-साडेतीनशे. सगळी एकाच उंचीची.

"ही कुणाची?"

"मालकाची," पोपटराव म्हणाला. "विकायची नाहीत."

"ज्या दिशी विकेल, त्या दिशी ह्या सहांचं उंदीर होईल."

नितीनचा चेहरा लाल झाला. सासूपुढे चार माणसांत हसं झालं होतं, आणि हसं करणारा माणूस चौथी शिकलेला होता. "आप्पा, तुमचं बैलांचं शास्त्र झालं. ही टेक्नॉलॉजी आहे. तुम्ही फोन तरी वापरता का?"

"न्हाय."

"मग?"

"पावणं, घेणं कुणालाबी येतं. तुम्ही विकून दाखवा. एक घ्या, आन् त्या पिंपळाखालच्या व्यापाऱ्याला लगेच विका. विकलंत, तर शालनचे सगळे पैसे मी माझ्या हातानं मोजून देतो तुमच्या सौद्याला. आन् दोनशेबी नगं मला."

शालनने पिशवीवरचा हात घट्ट केला. जावयाचं ऐकलं नाही तर मुलीच्या घरी चार महिने अबोला, आणि ऐकलं तर म्हातारपणाचा आधार दावणीला.

नितीनने स्वतःचे साडेबारा हजार मोजले. पोपटरावाने दावं हातात दिलं. चलन आठ पावलं नीट चाललं. नवव्या पावलाला थांबलं. नितीनने ओढलं. मागून ढकललं. गर्दीतल्या दोघांनी हात लावला. चलन जागचं हललं नाही. पोपटराव जिकडे सरकला, तिकडे मात्र ते मान वळवून चालायला तयार होतं.

"नवी जागा आहे, बुजतं," पोपटराव म्हणाला.

समितीचे लेखनिक आले. त्यांनी चष्मा लावून श्वेतपत्रिका चाळली आणि एकतिसाव्या पानावर बोट ठेवलं. "मूळ मालकाखेरीज अन्य दिशेस जाणार नाही, असं नमूद आहे. बारीक अक्षरात आहे, परंतु नमूद आहे. तक्रार घेता येणार नाही."

"माझे पैसे?" नितीन म्हणाला.

"चलन आपल्या ताब्यात आहे. दावं आपल्या हातात आहे," लेखनिक म्हणाले, आणि पुढच्या रांगेला गेले.

आप्पा हसले नाहीत. "ओढू नका पावणं," एवढंच म्हणाले. "खांदा उतरंल."

परत दगडाकडे जाताना शालन हौदापाशी थांबली. तिथे कडेला एक चलन बांधलं होतं. रंग मातकट, माळ नाही, उंची गुडघ्याच्या जरा वर. शेजारी कोळपे नावाचे निवृत्त पोस्टमन पेपर वाचत बसले होते. त्यांच्यापुढे एकही गिऱ्हाईक नव्हतं.

"ह्याचं नाव काय?" शालनने विचारलं.

"पाणपाळी."

"करतं काय?"

"आमच्या तीन गावांत पाटाच्या पाण्याच्या पाळ्या आहेत. कुणाला आपली पाळी नको असली की तो दुसऱ्याला देतो. त्याचा हिशोब हे ठेवतं. भांडणं मिटली. बाकी काही करत नाही."

"दसपट होईल का?"

"मला नाही वाटत," कोळपे म्हणाले आणि पान उलटलं.

आप्पा तिथेच खाली बसले. त्यांनी दात बघितले. चार पक्के, दोन हलणारे. बरोबर पाच वर्षं. खूर बघितले, झिजलेले होते, म्हणजे चाललेलं होतं. "मालकाची किती?" त्यांनी विचारलं. कोळपे म्हणाले, "अकरा. घरी गोठ्यात आहेत, या बघायला." आप्पा खरंच गेले. तीन मैल चालत गेले, अकरा मोजली, चावडीवर बसलेल्या दोघा भावकीच्या वैऱ्यांना वेगवेगळं गाठून पाण्याच्या हिशोबाचं विचारलं, आणि ऊन कलल्यावर परत आले. तोवर शालन हौदापाशी बसून होती. तिने चलनाला दोनदा पाणी दाखवलं. ते प्यायलं नाही, पण नाही म्हणायच्या आधी वास घेतला.

"वाच आता," आप्पा म्हणाले.

श्वेतपत्रिका दीड पान होती. शालन वाचत गेली. कान ताठ. "हे चलन तीन गावांबाहेर चालत नाही." ताठ. "दुष्काळात याचा भाव उतरेल." ताठ. "यात पैसे बुडू शकतात." तिथेही ताठ. उलट त्या वाक्याला चलनाने मान थोडी वर केली.

आप्पा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. आयुष्यात त्यांनी कुठल्या बैलाचं तोंडावर कौतुक केलं नव्हतं. त्याने भाव चढतो.

"चांगलं हाय," ते म्हणाले.

कोळप्यांनी पेपर खाली ठेवला.

"मग घालू सगळे?" शालनने विचारलं.

"चांगलं हाय म्हणलो. वाढंल म्हणलो न्हाय. वाढणं माझ्या डोळ्याला दिसत न्हाय. किती गेले तर झोप लागंल तुला?"

शालनने विचार केला. "नऊ हजार गेले तर दोन रात्री नाही लागणार. तिसऱ्या रात्री लागेल."

"एक घे. नऊलाच हाय ते. बाकीचे पोस्टात ठेव."

तिने एक घेतलं. आप्पांनी ते पिंपळाखाली नेऊन विकायला लावलं. व्यापाऱ्याने आठ हजार नऊशे दिले. ते पुन्हा नऊ हजार शंभरला विकत घेतलं. या उलाढालीत दोनशे रुपये गेले, आणि ते आप्पांनी आपल्या पारखीतून वळते केले.

त्याच वेळी मधल्या रांगेत ट्रक सुरू झाला. ताडपत्रीखालची चलनं आत होतीच. बाहेरच्या सहांनी माना वर केल्या आणि ट्रकामागे धावत सुटली. नितीनच्या हातातलं दावं सळकन निसटलं. ज्यांनी ज्यांनी सौदे केले होते, ते रस्त्यापर्यंत पळाले. कोऱ्या चपलांचे चौघे ट्रकात बसले होते. नितीन तळव्याला पडलेला दाव्याचा वळ बघत उभा राहिला. मग सासूपाशी आला आणि म्हणाला, "मामी, याला मी धरतो. तुमची पिशवी जड आहे." पाणपाळी त्याच्या मागून निमूट चाललं.

त्या वर्षी पाऊस दडला. पाट कोरडे पडले, पाळ्या बंद झाल्या आणि पाणपाळीचा भाव उतरत गेला. साडेसहा, चार, अडीच. गल्लीतल्या बायका शालनच्या दाराशी येऊन म्हणायच्या, "बघू गं, केवढं राहिलं?" एकीने तर विचारलं, "मांजरासारखं म्याव तरी करतं का?" भाव हजारावर आला तेव्हा शालनने आप्पांना निरोप धाडला.

आप्पा आले. उतरलेलं चलन बघायला येण्याची पारख्यावर सक्ती नसते. तरी आले. पाणपाळी आता कोंबडीएवढं झालं होतं. शालन ते कोंबड्यांच्या डालाखाली झाकत असे, कुत्र्यांच्या भीतीने. आप्पांनी ते तळहातावर घेतलं, डोळ्यांपाशी नेलं, आणि करंगळीच्या नखाने ओठ वर केला. दोन्ही हलते दात पडून त्या जागी नवे आले होते. तांदळाच्या कणीएवढे, पण सरळ.

"बारीक झालंय," आप्पा म्हणाले. "खोटं झालेलं न्हाय."

"विकू का?"

"खातं काय?"

"काही नाही."

"तरास?"

"सकाळी पायात येतं. तेवढाच."

"झोप लागती?"

शालनला हसू आलं. "तिसऱ्या रात्रीपासून."

"मग मला कशाला बोलावलंस?"

"तुम्ही बघितलं की बरं वाटतं आप्पा."

आप्पांनी दोनशे रुपये घेतले, चहा घेतला, आणि ते काठी टेकत उठले. चलन त्यांच्या मागून टुकटुक करत उंबऱ्यापर्यंत आलं. आप्पा वळले, वाकले, आणि त्याला दोन्ही हात जोडून रामराम केला. मग ते वाटेला लागले. चलन घटकाभर उंबऱ्यात उभं राहिलं आणि आत निघून गेलं.