सुकदेवचा ‘पण’

दुकानदार पैसे मोजून ज्याला बोलायला लावायचे आणि नंतर हात जोडून "बाबा, आता गप्प बस" म्हणायचे, असा नाशकात एकच माणूस. आमचा शेजारी सुकदेव भोंगेवाला.

रिक्षाच्या टपावर दोन भोंगे बांधून तो गल्लोगल्ली जाहिराती करत फिरायचा. आवाज असा, की पंचवटीत खाकरला तर गोदावरीपलीकडची माणसं वळून बघतील. खोड एकच. माल आधी स्वतः वापरायचा आणि मग जे वाटेल ते सगळं माइकवर सांगून टाकायचा.

"बंधू-भगिनींनो, मेनरोडला साड्यांचा भव्य सेल! काठ सुंदर, पोत मऊ, पण पहिल्यांदा वेगळी धुवा. माझा बनियन गुलाबी झालाय!"

"झणझणीत मिसळ! एकदा खाल तर परत याल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मला शिव्या देऊ नका!"

केसांच्या तेलाचं काम आलं तेव्हा त्यानं महिनाभर टकलाला तेल चोळलं. मग भोंग्यातून सांगितलं, "वास एकदम भारी. पण मी होतो तसाच हाय!"

पोरं त्याला पणकाका म्हणायची.

मी सातवी नापास. सातपूरच्या कारखान्यात लेथवर जन्म गेला. गोड बोलणं मला जमत नाही. मी त्याला तोंडावर विचारलं, "सुकदेव, तुला जाहिरात करायचीय का कोर्टात साक्ष द्यायचीय?"

"दादा, दुकानदाराला कोण ओळखतंय? लोक आवाज ओळखतात, आणि आवाज माझा हाय."

एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण मागंपुढं कोणी नाही. मनमाडच्या स्टेशनात वाढला, आईबाप ठाऊक नाहीत. दिवसभर गावाला बंधू-भगिनी म्हणायचं आणि संध्याकाळी आपल्या हातानं कुलूप उघडून रिकाम्या खोलीत शिरायचं. त्याला घर हवं होतं. हवं होतं म्हणजे अगदी जीव टाकत होता त्यासाठी. आमच्या हिच्यापाशी येऊन बसायचा आणि कपातल्या चहाकडं बघत म्हणायचा, "वहिनी, माझं तेवढं जमवा की."

कोणाशी, ते विचारायची गरज नव्हती. गल्लीच्या तोंडाशी शालन शिवणकाम करायची. चाळिशीला आलेली, लग्न राहून गेलेलं. सुकदेवचा भोंगा अख्ख्या गावात वाजायचा, तिच्या दारावरून जाताना मात्र हळू व्हायचा.

आमची ही गेली शालनच्या भावाकडं. तो म्हणाला, "भोंगेवाल्याला बहीण देऊ? याच्या बाजूनं उभं राहायला आहे कोण?"

तेवढ्यात एका चहा कंपनीचा साहेब आला. अख्ख्या जिल्ह्याचं काम, वर फिरायला जीप. अट अशी, की रविवार कारंज्याच्या चौकात एक दिवस बोलून दाखवायचं. भाऊ विरघळला. म्हणाला, "जीप आली तर बघू."

हिनं सुकदेवला समोर बसवलं. "भावजी, एक दिवस तो ‘पण’ गिळा. पोटात दुखलं तर ओवा देते."

त्या दिवशी मी रजा टाकली. आम्ही दोघं कारंज्यावर उभे. टेबलावर चहाचे पुडे रचलेले, साहेब टाय लावून रिक्षात मागं बसलेला. सुकदेव सुरू झाला. "रंगदार चहा! घराघरात हवा असा चहा!" आणि गप्प. गळ्याच्या शिरा फुगलेल्या, पण पुढचं काही बाहेर येईना. साहेब खूश. हिनं माझा दंड इतका घट्ट धरला, की वळ उठले.

आणि गर्दीतून शालन आली. आवाज ऐकून आली असणार. तिनं एक पुडा उचलला, बटव्याला हात घातला.

भोंग्यातून एक मोठा खोकला आला.

"ओ, हिरव्या पातळवाल्या बाई! थांबा! रंग हाय, पण चव नाय! ठेवा तो पुडा खाली!"

कारंजा हसायला लागला. साहेब टाय सावरत उतरला तो परत दिसला नाही. जीप गेली, आणि भावानं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी शालन स्वतःच आमच्याकडं आली. हिनं सुकदेवला हाक मारली. माइक हातात नाही म्हटल्यावर त्याची जीभ टाळ्याला चिकटलेली.

"गावासमोर माझ्यावर ओरडलात," शालन म्हणाली, "आता दातखीळ बसली का?"

तो हिच्याकडं बघायला लागला.

"बरं, माझं मीच सांगते. स्वयंपाक चांगला करते, मीठ विसरते. घोरते. भाऊ पलीकडून भिंत बडवतो. आणि रागावले, की दोन-दोन दिवस बोलत नाही."

सुकदेव म्हणाला, "त्याची काळजी करू नका. बोलायचं काम माझ्याकडं."

ही हसता हसता पिठाच्या डब्यावर बसली.

लग्नाला भाऊ आला. तोंड कडू करून आला आणि सगळ्यांत जास्त जिलब्या त्यानंच खाल्ल्या. भटजींनी विचारलं, "मुलाकडचं कोण?" सुकदेव खाली बघायला लागला. आमची ही उठली. "मुलाकडची मी." पन्नाशीची बाई डोक्यावर पदर घेऊन, हातात दिवा धरून त्याची करवली म्हणून उभी राहिली. असली करवली कोणी पाहिली नसेल.

आमची ही गेली, त्याला आता वर्ष होईल.

आमच्याकडं कोणी वारलं, की रिक्षा फिरवून कळवतात. मी कोणाला सांगितलं नव्हतं. ओट्यावर बसलो होतो आणि लांबून आवाज आला, "कळवण्यास दुःख होते, की सुकदेव भोंगेवाला याच्या वहिनी इंदूबाई आज सकाळी वारल्या." नवऱ्याचं नाव घेतात ना आधी? माझं नावच नाही.

माणसं गोळा झाली ती सुकदेवच्या दारात. शालन डोळे पुसत एकेकाला आमच्याकडं पाठवत होती. एक म्हातारा माझ्याजवळ बसला आणि हळूच म्हणाला, "आपण सुकदेवच्या वहिनींचे कोण?"

शेजारी चिडले. म्हणाले, "त्याला थांबवा, नाव घालायला सांगा."

रिक्षा पुलाकडं वळली होती. आवाज मधेच तुटत होता, पुन्हा सुरू होत होता.

मी म्हणालो, "फिरू द्या त्याला तसंच. त्याच्या घरातलं माणूस गेलंय."