शेवडेकाकांनी सोडलेली भेग

आमच्याकडे सत्यनारायण होता. आरतीत सगळ्यांचे डोळे मिटलेले, शेवडेकाकांचे तेवढे छताला लागलेले. टाळ्यांच्या गजरात त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, स्टुलावर चढले आणि बीमवरच्या भेगेच्या टोकाला आडवी रेघ मारून तारीख लिहिली. उतरून माझ्या कानात म्हणाले, "महिनाभर थांब. रेघेच्या पुढे सरकली तर समज, जिंदा है!"

प्रसाद मात्र दोनदा घेतला.

शेवडेकाका म्हणजे इकडे हिंदी मुलखात, नानाखेड्यातले माझे शेजारी. आयुष्य बँकेत गेलं, पण आत्मा गवंड्याचा. मी एकदा अंगणातल्या काँक्रीटच्या भेगेवर वरून सिमेंट फासलं, तर कुंपणापलीकडून गर्जना आली, "पावडर काय लावतोस रे? पहिले तिला खोल!" छिन्नी-हातोडी घेऊन स्वतःच आले. माझी केसभर भेग बोटभर रुंद केली, ब्रशनं झाडली, पाणी पाजलं, मग भरली. वर ओलं पोतं. पुढचे सात दिवस त्या पोत्यावर पाणी मारायला सकाळ-संध्याकाळ हजर. तेही नेमकं आमच्या चहाच्या वेळी.

यंदा त्यांच्या मुलानं, आनंदनं, पुण्याहून फोनवर बजावलं, "बाबा, घर फुटत चाललंय. इंजिनिअरला घेऊन येतोय. एक जरी भेग सापडली तर घर विकायचं आणि तुम्ही माझ्याकडे यायचं."

"आण! एक का, दोन आण!" हे पुण्याला फोनशिवायही ऐकू गेलं असावं.

मग युद्ध सुरू झालं. टावर चौकातून सिमेंट आलं, तारेचा ब्रश आला. पंधरा दिवस घरभर ओली पोती! गच्ची झाली, जिना झाला, पाण्याच्या टाकीचा कट्टा झाला. उरली एकच भेग. ओसरीवर, ऐन दारासमोर.

"काका, ही?"

"ती राहील."

"अहो, हिच्यापायी घर जाईल!"

"जाऊन तर दाखवू दे!"

रविवारी मी काकांकडेच होतो, तेव्हा आनंद आला. चाकांची बॅग ओढत ओसरीवर चढला. टक-टक. मागून इंजिनिअर. घरभर फिरून त्याला काही मिळेना. बाहेर आल्यावर मात्र तो वाकला.

"काका, ये एक छूट गई."

"छूटी नहीं, छोड़ी है!" काका स्वयंपाकघरातून कडाडले. "नहीं भरूँगा. जो लिखना है, लिखो!"

आनंदचं लक्ष नव्हतं. त्यानं दारातली बॅग उचलून भेगेमागे ठेवली आणि हळूच पुन्हा ओढली. टक-टक.

काकू शेवटची दोन वर्षं वॉकर घेऊन चालत. त्याची चाकं या भेगेवरून गेली की हाच आवाज येई, आणि काका आतून ओरडत, "आधण ठेवलंय गं!" काकूंना जाऊन आता वर्ष झालं.

"सर, इसको रहने दीजिए," आनंद इंजिनिअरला म्हणाला.

"मगर बारिश में पानी उतरेगा."

"उतरने दीजिए."

आम्ही आत गेलो. गॅसवर दोन कपांचं आधण केव्हाच उकळून निम्मं झालं होतं. काका आमच्याकडे पाठ करून उभे होते. त्यांनी पातेल्यात आणखी पाणी ओतलं आणि कुरकुरले, "आता चार कप करावे लागणार."