बाबीभावजींच्या होडीत उंदराला बंदी

जवळ या बघू. मालवणला येता, तारकर्लीच्या पाण्यात डुंबता, मासे हाणता आणि आमच्या बाबीभावजींना न भेटता परत जाता? शोभतं का हे?

बाबीभावजी म्हणजे माझे चुलतदीर. वय सत्तरीपार, होडी थोडी तरुण. समोरच्या बेटावर जायचं तर त्यांच्याच होडीने, आणि चढण्याआधी पिशवी उलटी करून झाडायची. का म्हणून विचारलंत तर म्हणतात, "उंदीर काय इचारून चढता?"

एकदा आचऱ्याच्या भटजींची पिशवी झाडली. सुपाऱ्या वाळूत गडगडल्या. भटजी ओरडले, "अरे बाबी, सोवळ्यातलं सामान ते!"

"भटजीनू, सोवळ्यातलो उंदीर वळखाक कठीण."

आमच्या घराण्याचा गणपती अजून बेटावरच बसतो. एका चतुर्थीला मूर्ती होडीत चढवताना भावजी देवाच्या पायाशी बघतच राहिले. "ह्यो खंय चल्लो?"

"मातीचो आसा रे तो!"

"मातीचो आसलो तरी उंदीरच."

शेवटी भावजींनी तिथेच गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, तुझो उंदीर तुझ्याच पायाकडे रवांदे, अंड्यांका तोंड लावूक देऊ नको, आणि जाताना आठवणीन घेवन जा!" आम्ही सगळे हसू दाबून, "होय म्हाराजा!"

अंडी कुणाची, ते सांगते. त्या बेटाच्या वाळूत पांढरी समुद्रपाखरं अंडी घालायची. मग आम्ही माणसं राहायला गेलो, चार घरं. आमच्या पेंढ्यातून, नारळातून उंदीर गेले. उंदीर फार झाले म्हणून मांजर नेलं. मांजर हुशार! पळत्या उंदरामागे कोण लागतंय, वाळूत पिल्लं आयती आहेत की. उंदरांनी अंडी खाल्ली, मांजराने पिल्लं खाल्ली, आणि पाच-सहा वर्षांत बेटावर एक पाखरू उरलं नाही. पुढे विहिरीचं पाणी खारं झालं, आम्हीही उठलो. मांजर मेलं, उंदीर मात्र मजेत. भावजींनी खोबऱ्याचे तुकडे लावून वर्षानुवर्षं सापळे मांडले. शेवटचा उंदीर सापडला तेव्हा घरोघरी पेढे वाटले! लोकांना वाटलं, नातू झाला.

होडीत बसलेल्या प्रत्येकाला ते सांगतात, "मांजर बेटार मीच हाडलंय. चूक माझी." लोक हसतात. मी खाली बघते. कारण ते मांजर माझ्या माहेरचं. मी नवी नवरी, उंदरांना भ्यायची, म्हणून टोपलीत घालून मांडीवर धरून नेलं होतं. भावजी नुसते वल्हवत होते.

एकदा मी म्हटलं, "भावजी, लोकांना खरं सांगा की."

होडीतलं पाणी उपसता उपसता म्हणाले, "वयनी, व्हडी कोणाची व्हती?"

आता उन्हाळ्यात आम्ही दोघं बेटावर खडकाआड बसतो. गप्प. मी, आणि गप्प! पाखरं वरून जातात, उतरत नाहीत. यंदा एक मात्र दोनदा अगदी खाली येऊन गेलं. भावजींनी आलेला खोकला गिळला, डोळ्यांत पाणी आलं बिचाऱ्यांच्या. खोकल्याचंच, म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात नक्की या. आम्ही दोघंही आता पिकली पानं. एखादं उतरलंच, तर बघायला तिसरं कुणी हवं.