मापसाहेबांनी यंत्र तपासलं

वासुदेवराव गावंडे कुठंही गेले तरी खिशात पाचशे ग्रॅमचं पितळी वजन असे. माणसं चष्मा विसरतात, छत्री विसरतात. हे वजन विसरत नसत. मिठाईच्या दुकानात शिरले की आधी ते काट्यावर ठेवत, आकडा बघत आणि मगच पेढ्यांकडे वळत. "साहेब, आता तं रिटायर झाले तुमी," असं दुकानदार म्हणाला की उत्तर ठरलेलं. "मी झालो ना. पाचशे ग्रॅम थोडीच झाले!"

ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. आर्णीत माझ्या घराला लागून त्यांचं घर. सारा गाव त्यांना मापसाहेब म्हणे, मी भाऊ म्हणायचो. त्यांना जाऊन आता दीड वर्ष होत आलं. त्यांच्या पत्नी विमलवहिनी पुसदला मुलीकडे असतात. भाऊंबद्दल लिहायचं फार दिवस मनात होतं, पण मी सावकाश लिहितो आहे. घाईत घेतलेलं माप त्यांना चालत नसे.

एकदा गावात एका पुढाऱ्याची गूळतुला होती. पुढारी एका पारड्यात, गूळ दुसऱ्यात, हार तयार, बँडवाल्यांचे गाल फुगलेले. तेवढ्यात भाऊ मंचावर चढले. "साहेब, जरा खाली उतरा. काटा तपासायचा हाय." पुढारी बिचारा गोंधळून उतरला. भाऊंनी पारड्यांची अदलाबदल केली. दांडीची एक बाजू आखूड निघाली. "तुमी दोन किलो जास्त भरून राह्यले होते," त्यांनी माइकवरून जाहीर केलं. पुढाऱ्यानं पुढची दोन वर्षं त्यांना नमस्कार केला नाही. भाऊंच्या ते लक्षातही आलं नाही.

"आधी काटा, मंग माल," हे त्यांचं पालुपद. बाळाचं वजन, गॅसची टाकी, शेजारणीचा थर्मामीटर, सगळ्यांना हाच न्याय.

मग गावात ते यंत्र आलं.

एका संस्थेनं दर मंगळवारी साठीच्या पुढच्या लोकांची स्मरणशक्ती तपासायला सुरुवात केली. नागपूरहून एक डॉक्टर मॅडम यायच्या. त्यांच्याकडे पाटीएवढा टॅबलेट होता. तो चित्रं दाखवी, नावं विचारी, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगी, बोटानं घड्याळ काढून घेई आणि शेवटी हिरवा, पिवळा किंवा लाल दिवा लावी. हजारो माणसांची उत्तरं दाखवून दाखवून यंत्राला शिकवलं आहे, आता कोण विसरायला लागलं ते त्याचं त्यालाच कळतं, असं मॅडमनी सांगितलं.

वहिनींना लाल दिवा लागला.

भाऊंनी त्या दिव्याकडे वाकून पाहिलं. मग विचारलं, "मॅडम, ते हजारो मान्सं कुठचे?"

"मोठ्या शहरांतले असावेत, काका."

"म्हंजे काटा तिकडचा. इकडे आनल्यावर तपासला कोनी?"

भाऊंनी माझ्याकडे वळून पाहिलं, आणि बऱ्याच वर्षांनी ते मला नोकरीवर असल्यासारखे दिसले.

काटा तपासायचा म्हणजे त्यावर पक्कं ठाऊक असलेलं वजन ठेवायचं. तसं आता पक्की ठाऊक असलेली माणसं ठेवायची, असं त्यांनी ठरवलं. आठवडाभर शोधून दोघं निवडली. तांड्यावरच्या सोनाबाई राठोड. यांना आपल्या प्रत्येक शेळीची आई, आजी आणि पणजी तोंडपाठ. दुसरे उत्तमराव, जुने पोस्टमन. यांना आर्णीतलं प्रत्येक दार माहीत. भाऊंनी दोघांना आपल्या ओसरीवर बसवून सकाळभर तपासलं आणि वहीत लिहिलं, "प्रमाणित." सोनाबाईच्या कपाळावर शिक्का मारायचा तेवढा बाकी ठेवला.

मंगळवारी आम्ही ऑटोतून गेलो. यंत्रानं सोनाबाईला समुद्रातलं दीपगृह दाखवलं.

"जिनिंगची चिमनी," त्या म्हणाल्या. "बंद दिसते. धूर नाही."

चूक. सरकता जिना दाखवला. "पायऱ्या." चूक. मग बोट लावायला सांगितलं. जन्मभर कापूस वेचून त्यांच्या बोटांची कातडी अशी झाली होती की काचेला ते बोट कळेचना. त्या दाबत राहिल्या, यंत्र थांबत राहिलं, आणि विचार करायला वेळ लागतो अशी नोंद झाली. घड्याळाच्या जागी त्यांनी भाकरीसारखा सुरेख गोल काढला आणि काटे काढायचे राहू दिले. "पेन्सिल कधी धरली नाही वो मी," त्या म्हणाल्या. लाल दिवा.

उत्तमरावांना एका मिनिटात जितके प्राणी आठवतील तितके सांगायचे होते. त्यांनी बसस्टँडपासून आपली टपालाची बीट धरली. "राऊताकडची म्हैस, बाजूच्या ठाकऱ्याकडची म्हैस, मंग गल्ली सोडली का मास्तरचं कुत्रं..." मिनिट संपलं तेव्हा ते दुसऱ्या गल्लीत होते आणि यंत्राच्या हिशेबी प्राणी झाले होते दोन. पिवळा दिवा.

मग भाऊ स्वतः बसले. हिरवा दिवा. मला वाटलं, खूश होतील. ते भडकलेच. "पाहा! मी शिकलेला, पेपर वाचनारा, म्हनून पास. मी काय सोनाबाईहून हुशार हावो? मले तं माह्या गाडीचा नंबर याद राहत नाही!"

पुढच्या मंगळवारी त्यांनी पारडी बदलली. पुठ्ठ्याचे दहा तुकडे घेऊन आले. त्यावर त्यांनी स्वतः चित्रं काढली होती: कोळपणीचा डवरा, वखर, बैलाच्या तोंडाचं मुसकं, कपाशीचं बोंड, असं सगळं. चित्रकला बेताची होती हे मान्य केलं पाहिजे. ते तुकडे मॅडमसमोर मांडून भाऊ घड्याळ लावून बसले. मॅडमनी डवऱ्याला सायकलचं हँडल म्हटलं, मुसक्याला झोपाळा. दहापैकी दोन. सोनाबाईंनी पदर तोंडाला लावला.

भाऊंनी लाल पेन्सिल काढून कागदावर गोल रंगवला. "मॅडम, तुमाले बी लाल."

"एवढ्या कमी वयात!" सोनाबाई हळहळल्या.

मॅडम खूप हसल्या, आणि मग हसायच्या थांबल्या. त्याच संध्याकाळी त्यांनी यंत्र बनवणाऱ्यांना लांबलचक पत्र लिहिलं. त्या लोकांनी ते मनावर घेतलं, इकडच्या माणसांची उत्तरं गोळा करून पाठवा म्हणाले. मग भाऊंना दिवस पुरेना. बाभुळगावच्या बाजूचे शेतकरी, बौद्धवाड्यातल्या आज्या, कोलाम आदिवासींच्या पोडावरचे म्हातारे, तांडे, शिकलेले, न शिकलेले, सगळ्यांना ते आणत. एकाच आळीतले जास्त आले की परत पाठवत. "दांडी एका बाजूले झुकते," म्हणत.

त्या महिन्यांत मी एक-दोनदा त्यांच्याकडे जेवलो. वांग्याच्या भाजीत मीठ दोनदा पडलं होतं. वहिनींनी विचारलं, "जमली का?" भाऊंनी मान हलवून आणखी भाजी घेतली आणि तांब्याभर पाणी प्याले. मीही घेतली.

सुधारलेलं यंत्र आलं. दीपगृह गेलं होतं, चित्रं ओळखीची झाली होती, बोटाऐवजी जाड कांडी होती, शाळा न शिकलेल्यांची घड्याळापासून सुटका झाली होती. सोनाबाई बसल्या. हिरवा. उत्तमराव, हिरवा. "आता बरी झाली मशीन," सोनाबाई म्हणाल्या, आजारातून उठलेल्या माणसाविषयी बोलावं तशा. भाऊंनी पेढे वाटले.

मग वहिनी बसल्या. लाल.

"माप तीनदा घेतात," भाऊ म्हणाले. तीन मंगळवार घेतलं. वहिनींनी बोंड ओळखलं नाही. जे बोंड त्या लहानपणापासून बघत आल्या, त्याच्याकडे त्या पाहुण्यासारख्या बघत राहिल्या.

तिसऱ्या मंगळवारी मॅडमनी टॅबलेट पालथा ठेवला. "काका, आता यंत्रात चूक नाहीये."

"मले माहीत हाय," भाऊ म्हणाले. "मीच तं तपासलं."

त्यांनी गोळ्यांची चिठ्ठी घेतली, नीट घडी केली. आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर बसलो. वहिनींनी पदर सारखा केला.

"अवो, पास झाली का मी?"

"झाली ना."

"किती मार्क भेटले?"

"तीसपैकी तीस."

"आन तुमाले?"

भाऊंनी क्षणभर विचार केला. "मले एकोनतीस."

"वाटलंच मले," वहिनी खुशीत म्हणाल्या. "ध्यानच नसते तुमचं. चला, घरी जाऊ. माह्या मांगं मांगं या."

आणि त्या घराच्या उलट दिशेनं निघाल्या. भाऊ उठले, चिठ्ठी खिशात ठेवली, आणि एक पाऊल मागे राहून त्याच रस्त्यानं चालू लागले.