मनोधैर्य रथाची मागची नळी

कापसाचं संकट हाताबाहेर गेल्याचं वरच्या लोकांच्या लक्षात आलं, त्याच आठवड्यात त्या संकटावर एक गाडी नेमण्यात आली. जुनी पिकअप होती. आधी ती दुसऱ्या कुठल्यातरी संकटावर होती. तिला पांढरा रंग दिला, बाजूला बोंडाचं चित्र काढलं, वर भोंगा बसवला, आणि ती 'कापूस मनोधैर्य रथ' झाली. वणीच्या आमच्या कृषी कक्षातून निघायचं, झरी जामणीच्या गावोगाव थांबायचं, शेतकऱ्यांच्या शंका ऐकायच्या आणि तिथल्या तिथे सल्ला द्यायचा, हे रथाचं काम. पुढे चालक खेमसिंग आणि कक्षाचे साहेब. मागे खुर्ची टाकून मी, नोंदवही आणि पत्रकांचे गठ्ठे घेऊन. सकाळी तुळशीला पाणी घातल्यापासून दिवसभर खोटं बोलायचं नाही आणि लिहायचंही नाही, असा माझा जुना नेम आहे. म्हणून नोंदी माझ्याकडे होत्या.

दुसऱ्या आठवड्यात ब्रेकचं पेडल मऊ लागू लागलं आणि मागच्या चाकाशी तेल ठिबकताना दिसलं. जब्बारभाई मिस्त्री गाडीखाली गेले आणि खालूनच निदान केलं. मागच्या अ‍ॅक्सलकडे ब्रेक ऑइल नेणारी हातभर रबरी नळी तडकली होती. वीस मिनिटांचं काम.

साहेबांनी नियम काढला. नवी नळी मागायची तर जुनी भांडारात जमा केल्याची पावती जोडावी लागते. जुनी काढली तर गाडीला ब्रेक राहत नाही. जब्बारभाई म्हणाले, तोवर मागच्या लाइनीचं तोंड बंद करून देतो, निदान पुढचे ब्रेक धरतील. साहेबांनी ते सौम्यपणे नाकारलं. अर्धे ब्रेक लागतात असं वर कळलं तर मागणी अर्धीच मंजूर होईल, आणि अर्धी नळी घेऊन आपण काय करणार? हँडब्रेक तर गाडी आमच्याकडे येण्याआधीच निवृत्त झाला होता.

"मंग थांबाचं कसं, साहेब?" खेमसिंगनं विचारलं.

"दौरा थांबवता येणार नाही. वरून आदेश आहे."

"दौऱ्याचं नाई, मी गाडीचं इचारून राह्यलो."

नळी जमा झाली, पावती मिळाली, नव्या नळीची मागणी वर गेली आणि रथ सुटला.

सकाळी कक्षाच्या उतारावरून ढकलून द्यायचा आणि दिवसभर न थांबता फिरवायचा, अशी व्यवस्था बसली. संध्याकाळची सोय मात्र कापसानेच केली. वणीबाहेरच्या एका जिनिंगच्या आवारात भाव नाही म्हणून पडून राहिलेल्या कापसाचा डोंगर होता. खेमसिंग रथ अलगद त्यात घालायचा. कापूस दबायचा, रथ थांबायचा, साहेब टोपी झटकून उतरायचे आणि मी पदर. शेतकऱ्याने आमच्या खात्याला इतका भक्कम आधार याआधी दिला नसेल.

पूर्वी दिवसाला तीन गावं होत. आता एकोणतीस होऊ लागली. साहेब भोंग्यावरून धीर द्यायचे, मी पत्रकं वाऱ्यावर सोडायची, आणि गाडी थांबवण्यासाठी लोक हात वर करायचे. 'प्रतिसाद' या रकान्यात मी लिहायची, 'हात वर केले.' साहेबांच्या अहवालात त्याचं 'हात उंचावून स्वागत' व्हायचं. ते वाक्य त्यांचं, माझं नव्हे.

वरून अभिनंदनाचं पत्र आलं. बाकीच्या तालुक्यांतही असेच रथ होते, त्यांना आमचा आदर्श घ्यायला सांगितलं. बाभुळगावच्या रथाची नळी तर धडधाकट होती. आपला रथ वारंवार का थांबतो, अशी त्यांच्याकडे विचारणा झाली. आठ दिवसांत त्यांनीही नळी काढून जमा केली. महिनाभरात भांडारात अकरा नळ्या झाल्या. त्यातली एकही आम्हाला मिळेना, कारण जमा झालेली वस्तू परत देण्याचा नमुना छापलेलाच नव्हता.

याच दिवसांत रामीबाई दिसू लागली. झरीकडच्या एका पोडाच्या, म्हणजे आदिवासी वस्तीच्या, तोंडाशी, रस्त्याला लागूनच तिचं शेत. पहिल्या दिवशी तिने एक हात वर केला. दुसऱ्या दिवशी दोन्ही. साहेबांचं मत दोन लाभार्थी धरण्याचं होतं. मी एकच लिहिला. नेम आहे ना.

तिसऱ्या दिवशी ती रथासोबत पळत आली. "ताई, बोंडात अळी हाय. फवारू का उपटू, येवढंच इचारा ना साहेबाले."

मी केबिनची काच वाजवली. साहेबांनी मान वळवेपर्यंत पुढचं गाव आलं होतं आणि तिथले हात वर झाले होते. चौथ्या दिवशी तिने बोंडच फेकलं. ते थेट नोंदवहीवर पडलं. संध्याकाळी कापसात थांबल्यावर मी ते साहेबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून आतली अळी बघितली. जागेवर जाऊन पाहणी केल्याशिवाय सल्ला देता येत नाही, म्हणाले. मी लिहिलं, 'ग्रामस्थांकडून एक बोंड प्राप्त.'

आणि मग नको ते झालं. कापसाला भाव आला.

डोंगर उचलला जाणार असं कळताच साहेबांनी जिनिंगच्या मालकाला पत्र धाडलं. शेतकऱ्यांच्या मनोधैर्याचा व्यापक विचार करून कापसाची विक्री तूर्त पुढे ढकलावी. मालकाने दुपारीच ट्रक भरले. संध्याकाळी आम्ही फाटकातून आत शिरलो तर समोर स्वच्छ झाडलेलं आवार. डिझेल संपेपर्यंत रथ तिथे गोल गोल फिरला. साहेब सवयीने भोंग्यावरून धीर देत होते. कुणाला ते कळलं नाही, कारण आवारात आम्हीच होतो. माझा जप त्या दिवशी दोन माळा जास्त झाला.

सकाळी जब्बारभाई न बोलावता आले. मोडीत निघालेल्या एका पिकअपची चांगली नळी त्यांनी जपून ठेवली होती, ती घेऊन गाडीखाली गेले. खेमसिंग वर पेडलवर. "दाब. धर. अब छोड." लाइनीतली हवा निघाली, पेडल कडक झालं. वीस मिनिटंच लागली. त्यांनी पावती मागितली नाही, हे साहेबांना फार खटकलं.

त्या दिवशी रथ रामीबाईपाशी थांबला. साहेबांचं कपाळ भोंग्याच्या माइकवर आपटलं आणि साऱ्या पोडाने ते ऐकलं. तिच्या मागे, जिथे आधी कापसाची पऱ्हाटी उभी होती तिथे, दोन बकऱ्या चरत होत्या. अर्धं शेत फवारून पाहिलं, अर्धं उपटून पाहिलं, असं तिने सांगितलं. फवारलेलं अळीने खाल्लं आणि उपटलेलं बकऱ्यांनी. साहेबांनी तिला पत्रक दिलं. पोडातल्या शाळकरी मुलीने ते मोठ्याने वाचलं. 'अधिक माहितीसाठी रथ थांबवून विचारा.'

रामीबाईने पत्रकाकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"आता कायले थांबले, साहेब? पळून राह्यले होते तवा बरं होतं. वाटे, तुमच्यापाशी काई तरी हाय."

त्या दिवशीची नोंद अशी. गावं एक, लाभार्थी एक, हात खाली.

आकडे पाहून साहेबांना खुलासा मागणारं पत्र आलं. नळी काढायला जब्बारभाईंनी नकार दिला. शेवटी साहेब स्वतः गाडीखाली गेले आणि ती विळ्याने कापून आले. रथ सुरू झाल्यापासून त्यांनी जागेवर जाऊन केलेलं ते पहिलं काम. भांडारात आता बारा नळ्या आहेत.

राहता राहिला आपला, म्हणजे वाचणाऱ्याचा, विषय. आपण पहिल्या ओळीपासून इथवर आलात. बकऱ्या चरत होत्या तिथे क्षणभर थांबला असाल, तर त्यासाठी माझ्या वहीत रकाना नाही. पण मधे कुठे हसताना तोंडावर हात गेला असेल, तर तो वर केला असं मी लिहून घेतलं आहे. ते खोटं नाही.