पहिलं नाव

डॉ. भानुदास माझ्या छापखान्यात येऊन लोकांच्या लग्नपत्रिका तपासतात. शुद्धलेखन नव्हे, नावांचा क्रम. पाटोद्यात माझा छापखाना आणि शेजारच्या घरात हे, त्यामुळे हा त्रास मला घरपोच मिळतो. 'व्यवस्थापक' म्हणून वीस नावं दिसली की समोर बसलेल्या वधूपित्याला ते विचारतात, "ह्यातलं कुणी खरंच राबणार हाय का?" वधूपिता माझ्याकडे बघतो. मी छताकडे बघतो.

माणूस मेंदूचा शास्त्रज्ञ. उंदीर वाट कशी लक्षात ठेवतात, यावर परगावच्या एका संस्थेत हयात घातली आणि निवृत्त होऊन गावी आला. गावाला डॉक्टर म्हणजे इंजेक्शन देणारा. सुरुवातीला लोक ताप घेऊन यायचे. "मी उंदरांचा हाय," असं ते शांतपणे सांगायचे. मग लोक ज्वारीच्या कोठीतले उंदीर घालवायचा उपाय विचारायला येऊ लागले.

रोज सकाळी दहाला ते माझ्या संगणकावर स्वतःचं पान उघडतात. त्यांच्या शोधनिबंधाचा उल्लेख जगात किती जणांनी आपापल्या निबंधात केला, तो आकडा तिथं दिसतो. त्याला सायटेशन म्हणतात आणि शास्त्रज्ञाची पत त्यावर ठरते, एवढं मला आता पाठ झालंय. त्यांच्या एका निबंधाचा आकडा सारखा वाढत असतो. गंमत म्हणजे तो वाढला की यांचं तोंड उतरतं, आणि नाही वाढला की खुशीत चहा मागवतात. मेंदूवर काम करता करता यांचाच थोडा खर्ची पडला असावा, असं मी बायकोला सांगत असे.

एकदा मात्र त्यांनी मला पुरतं गोत्यात आणलं. एका बड्या घरच्या लग्नाची पत्रिका होती. मी जेवायला गेलो तेवढ्यात यांनी प्रूफ पाहिलं आणि 'प्रमुख उपस्थिती'तलं पुढाऱ्याचं पहिलं नाव उचलून पार तळाला टाकलं. मशीनवरच्या माणसानं तसंच छापलं. पत्रिका वाटूनही झाल्या. पुढारी लग्नाला फिरकले नाहीत, त्यांची माणसं मात्र माझ्याकडे आली. "का रं, सायबांचं नाव शेपटाला लावतो?" डॉक्टर मध्ये पडले. आमच्या शास्त्रज्ञांच्या निबंधात राबणाऱ्याचं नाव पहिलं आणि सगळ्यात मोठ्या माणसाचं शेवटी असतं, शेवटचा मान लई मोठा, असं त्यांनी त्यांना समजावलं. त्यांना काही ते पटलं नाही. निवडणुकीची पत्रकं छापायचं काम माझ्या हातून गेलं.

त्या दिवशी मी डॉक्टरांवर तोंड सोडलं. नावांच्या नादात माझ्या पोटावर का पाय देता, असं स्पष्ट विचारलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, तो गाजलेला निबंध त्यांचा नव्हेच. सुरेखा नावाची त्यांची विद्यार्थिनी होती, युसूफ वडगावची, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली. विचार तिचा, उंदरांच्या खोलीत तीन वर्षं काढली ती तिनं. यांची बढती अडली होती, म्हणून पहिलं नाव यांनी स्वतःचं घातलं आणि तिचं तिसरं. तिची पुढची शिष्यवृत्ती हुकली आणि तिनं संशोधन सोडलं.

"लोक उल्लेख करताना पहिलंच नाव लिवतात, मग 'आणि इतर'," ते म्हणाले. "आकडा वाढला की ती आनखी एकदा पुसली जाती."

नियतकालिकाला पाठवायचं दुरुस्तीचं पत्र त्यांनी केव्हाच तयार ठेवलं होतं. त्यावर तिची सही हवी होती आणि तिच्या दारात जायची यांची छाती होत नव्हती. माझा राग तिथंच विरला. रविवारी त्यांना मोटारसायकलवर मागे बसवलं आणि केज ओलांडून वडगाव गाठलं.

सुरेखाबाईंचं सासरही गावातच, आता तिथं शाळेत विज्ञान शिकवतात. "हे माजे सर," अशी त्यांनी सासूबाईंना ओळख करून दिली. डॉक्टर बसेनात. पत्र इंग्रजीत होतं. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं. नावांचा क्रम नजरचुकीनं बदलला, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं.

"नजरचूक व्हती का, सर?"

खरं लिहिलं तर आयुष्यभर कमावलेली पत जाणार, हे माझ्यासारख्या छापखानेवाल्यालाही कळत होतं. "न्हाई," ते म्हणाले. टेबलावरचं पेन घेऊन त्यांनी तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, माझ्या बढतीसाठी, जाणूनबुजून. मग कागद पुन्हा बाईंपुढे ठेवला.

बाईंनी ते वाचलं. सही लगेच केली नाही.

"इतकी वर्षं मला वाटत व्हतं," त्या म्हणाल्या, "माजंच काम कमी पडलं."

डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली. बाईंनी सही केली, पदरानं डोळे पुसले आणि आत वळून म्हणाल्या, "आत्याबाई, सरांना जेवाया वाढा."